लोकरीची बाटली

भाद्रपद वद्य २, सोमवार

आज दवाखान्यात कंपाउंडर करीमचाचांनी बोटांवर मलम घोटायची पट्टी हाणली. कारण क्षुल्लक. बाटली कपाटात परत ठेवताना वरची चिठ्ठी वाचली नाही. म्हटलं, "चाचा, आत्ताच तर ओतताना वाचली." तर म्हणे, "बे गणपत, घेताना वाचायची, ओतताना वाचायची, ठेवताना वाचायची. मी नमाजाला कंटाळा करत न्हाई, तू याला कावून करतो?" उत्तर तोंडावर आलं होतं. गिळलं. कंपाउंडरच्या इम्तिहानाला बसायचं तर डॉक्टरसाहेबांची सिफारस हवी, आणि साहेब चाचांना विचारल्याशिवाय कुणाचीच सिफारस करत नाहीत. बोट ठणकतंय म्हणून अक्षर असं.

हिवतापाची गर्दी. ओटा भरून गेला, काहीजण लिंबाखाली घोंगडी पांघरून कुडकुडत बसलेले.

भाद्रपद वद्य ४

क्विनीन. चाचांनी थेंबभर जिभेवर ठेवायला लावलं. जेवणाची चव संध्याकाळपर्यंत गेली. "जे दुसऱ्याला देतो ते कसं लागतं म्हाईत पायजे." हे लागू पडलं की कान वाजतात. थोडे वाजले तर फिकीर नाही, औषध पोटात काम करतंय. फार वाजले, ऐकू कमी आलं, डोकं गरगरलं, तर डोस कमी करायचा. हे इम्तिहानात हमखास विचारतात म्हणे.

दुसरी गोष्ट. 'चमचाभर' असं कधीच सांगायचं नाही. चमचा कुणाचा? एकाच्या घरात मिठाचा चमचा, एकाच्या घरात डाळ वाढायची पळी. म्हणून बाटलीच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला खाचा. एका वेळी एक खाच खाली. आज पट्ट्या कापून कापून अंगठ्याला फोड. एका म्हातारीनं विचारलं, "पट्टीला उंदरानं खाल्लं व्हय?" चाचा इतके हसले की खोकला लागला.

भाद्रपद वद्य ७, शनिवार

भिवा धनगर आणि त्याची बायको ठकू, नांदूरघाटाकडचे. मेंढरं हल्ली आमच्या शिवारात बसवलीत. ठकूला एकाआड एक दिवस हिव भरतं, तोंड पिवळं पडलंय, पण बोलणं खणखणीत. भिवाची कंबर धरलेली, उठताना हात गुडघ्यावर.

ठकूला क्विनीनचं मिक्स्चर. भिवाला कमरेला चोळायचं बेलाडोनाचं औषध. ते जहराच्या कपाटातलं, किल्ली चाचांच्या कमरेला. दोन्ही बाटल्या एकाच पेटीतल्या, जुळ्या बहिणी. चिठ्ठ्या मी लिहिल्या, सरकारी रिवाजाप्रमाणे उर्दूत, झोकात. चोळायच्या औषधावर लाल शाई: फक्त बाहेरून लावण्यासाठी, जहर. भिवाला तोंडानं दोनदा सांगितलं. त्यानं दोनदा मान डोलावली. चिठ्ठीला हात लावून तोच हात कपाळाला लावला. मला वाटलं, माझ्या अक्षरावर खूश झाला.

ठकूला म्हटलं, "लई कडू हाय, वहिनी. नाक दाबून एका दमात प्यायचं."

भाद्रपद वद्य ९, सोमवार

काय लिहू.

दुपारी भिवा बायकोला पाठीवर घेऊन आला. कमरेचं दुखणं बिखणं विसरून धावत. ठकूचं तोंड लालबुंद, अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. जीभ टाळूला चिकटलेली. डोळे पाहिले. बाहुल्या इतक्या पसरलेल्या की डोळ्यात काळ्याशिवाय काही उरलंच नव्हतं. हवेत हात फिरवत होती आणि हाळी घालत होती, "हुर्र, हुर्र, वळवा रं त्यास्नी, पिकात शिरली." एकही मेंढरू जवळ नव्हतं.

डॉ.सा.नी नुसतं डोळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे. "बेलाडोना." मग रबराची नळी, पाणी, पुन्हा पाणी, मग कडक कोरा चहा. धरायला चौघंजण लागले. भिवाला विचारलं, किती पाजलं? म्हणाला, एक घोट, त्यातलं निम्मं तिनं थुंकलं. "वास लई उग्र येत व्हता. पर तुमीच म्हणलात नाक दाबून पी म्हणून."

मीच म्हणालो होतो.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कुठं आहेत? बाटल्या आणल्या होत्या त्यानं, दोन्ही उघड्या, नुसत्या काचा. ठकूच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात कापडाची पुरचुंडी. चाचांनी कात्रीनं उसवली. आत माझ्या दोन्ही चिठ्ठ्या, घडी घालून. लाल शाईची वरती.

भिवा रडत होता. "बाटली भुईवर ठिवावी लागती सायेब. मेंढराचा पाय लागतो, माणसाचा पाय लागतो. लिवलेलं असं कसं पायात ठिवायचं? दर्ग्यातला कागद आमी गळ्यात बांधतो, ह्यो बी तसाच दिसला." उर्दू अक्षर त्यानं आजवर दर्ग्यातल्या तावीजातच पाहिलेलं. मान दिला बिचाऱ्यानं, आणि मान दिला म्हणूनच हे झालं.

आत्ता तिन्हीसांज. ठकू जिवंत आहे. यापुढे काय, डॉ.सा. सांगत नाहीत.

भाद्रपद वद्य १०

जहर उतरलं! सकाळी तिनं भिवाला ओळखलं आणि पहिलं वाक्य काय, तर "मेंढरांपाशी कोण हाय? तू हितं कावून बसला?" भिवा हसतोय आणि रडतोय. मी मागच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं. खरं सांगायचं तर मीही रडलो.

डोळ्यांपुढे धूसर दिसतंय म्हणते. एकदोन दिवसांत निवळेल म्हणाले चाचा. हिवाचं औषध इथंच, आमच्या हातानं. तोवर ओट्याच्या कोपऱ्यात मुक्काम.

भाद्रपद वद्य १२

डॉ.सा.चा हुकूम. कागदावर लिहून मलाच खळ लावून भिंतीला चिकटवायला सांगितला. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही त्याला बाटली घरी द्यायची नाही. डोस इथं येऊन, आमच्यासमोर, उभ्यानं प्यायचा.

वाचता येणारे कोण? पाटील, पटवारी, मशिदीतले मौलवी आणि बाजारातले दोघेतिघे. बाकी सगळा मुलूख उभ्यानं. नांदूरघाटाहून चौसाळ्याहून हिव भरलेला माणूस रोज चालत येणार, घोट पिणार, परत चालत जाणार? चालतानाच आडवा होईल. भांडलो मी. "साहेब, मोडीत लिहून देतो चिठ्ठ्या." "भिवाला मोडी येते?" नाही येत. "मग?"

त्यांचंही खोटं नाही. म्हणाले, "ती मेली असती तर गणपत, तू कुणाला तोंड दाखवलं असतंस?" हे मनाला लागलं. पण औषध कपाटात आणि माणूस तापात, असला दवाखाना काय कामाचा? मला हा कागद भिंतीवरून उतरलेला पाहायचाय. इम्तिहान राहू दे एकीकडे.

अमावास्या

भिवा-ठकू सोडले तर ओटा रिकामा. जवळपासचे तेवढे येतात. चौसाळ्याचा एक गडी परवा आला, उभ्यानं घोट प्याला, "उद्या पुन्यांदा यायचं? न्हाई जमत बघा," म्हणून गेला तो गेलाच. चाचा दिवसभर तराजू पुसत बसतात. पुसलेलाच पुन्हा पुसतात.

आश्विन शुद्ध ३, बुधवार

खूण. अक्षर नको, खूण हवी. कुणालाही कळेल अशी. चाचा म्हणाले, कर तुझं तू, साहेबांना मी सांभाळतो. परीक्षक आमच्याच ओट्यावर बसलेले, भिवा आणि ठकू.

चोळायच्या बाटलीला लाल दोरा बांधून दाखवला. ठकू म्हणे, "लाल दोरा म्हंजी देवाचा. त्येच तर पयलं प्यावं." काळा दोरा बांधला. "दिष्ट लागू ने म्हणून व्हय? बरं केलं." शेवटी कागदावर माणसाची कवटी काढली, खाली दोन हाडं, पुस्तकात असते तशी. चांगली जमली होती. भिवा उठून लांब जाऊन बसला. "मसणातलं घरात न्यायचं? तुमी ठिवा तुमच्यापाशी." चाचा म्हणाले, चित्र झाकून ठेव, मलाच पाहवत नाही.

ज्या ज्या खुणेला हात घालावा तिचा अर्थ आधीच कुणीतरी लावून ठेवलाय. वैताग आला. उद्या काही सुचलं तर ठीक.

आश्विन शुद्ध ५

सुचलं! पण एकट्याला नाही.

ठकूला रिकामं बसवत नाही. भिवानं आणून दिलेली लोकर ती ओट्यावर बसून चातीवर कातत असते. काल तिची गंमत करायची म्हणून मी ती रखरखीत लोकर उचलली आणि बाटलीभोवती गळ्यापासून बुडापर्यंत गुंडाळली. म्हटलं, हिचा तरी काय अर्थ लावते बघू. ती चाती थांबवून बघत राहिली. मग खो खो हसली. "बाटलीचं मेंढरू केलं की वो!"

मी विचारलं, "वहिनी, हे मेंढरू प्यायचं का चोळायचं?"

"लोकर कुटं असती?"

"अंगावर."

"मंग? पोटात असती का? पोटात दूध जातं. ही अंगाची बाटली." आणि पुन्हा चाती फिरवायला लागली, जसं काही झालंच नाही.

मी चाचांना हाक मारली. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. अंधारात, तापात, चूल विझलेली असताना हाताला कळेल. रखरखीत ती बाहेर, गुळगुळीत ती आत. चाचांनी बाटल्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "बे गणपत, तुला उगीच मारलं त्या दिवशी." लगेच म्हणाले, "न्हाई, उगीच न्हाई. पर जरा हळू मारायला पायजे व्हतं."

आश्विन शुद्ध ७

डॉ.सा.ना दाखवलं. बाटली उलटीपालटी करून पाहिली. लोकर भिजली तर? सुटली तर? पोरानं ओढून काढली तर? सगळे सवाल बरोबर. मी म्हटलं, आकारही बदलू. चोळायचं औषध बसक्या, रुंद बाटलीत, प्यायचं उंच बाटलीत. लोकर सुटली तरी आकार आहे. आणि बुचावर मेण, म्हणजे उघडताना हात थांबेल. आणि देताना आपण नुसतं सांगायचं नाही. न्यायला आलेल्यानं आपल्याला सांगून दाखवायचं, कुठली कशाची. मान डोलावली म्हणजे कळलं, असं आता मी धरत नाही. धरलं होतं एकदा.

साहेब म्हणाले, हुकूम हुकूम आहे. पण एका कुटुंबापुरती परवानगी. ज्यांच्यावर हे बेतलं त्यांचीच इच्छा असेल तर. त्यांची खबर आल्याशिवाय कागद उतरणार नाही.

ठकूला विचारलं. मला वाटलं, बाटलीचं नाव काढलं तर मारायला उठेल. म्हणाली, "एकदा ठेच लागली म्हणून कुणी चालायचं सोडतं का? द्या." बाईचं काळीज वाघाचं आहे.

दसरा

मेंढरं निघाली, खाली मांजरा नदीकडं. भिवाच्या खांद्यावर झोळी, झोळीत दोन बाटल्या. ठकूनं चाचांना पाठ म्हणून दाखवलं: लोकरवाली कमरेला, नितळ पोटात, पट्टीची एक खाच, आधी हलवायची. भिवाला वेगळं म्हणायला लावलं. तो अडखळला, ठकूनं ढोसलं, पुन्हा म्हणाला, यावेळी बरोबर.

मग भिवा घुटमळला. "गळ्यात बांधायला कागद?"

मी कपाळावर हात मारला. सगळं करून पुन्हा तिथंच. पण चाचा उठले, एक कोरा तुकडा घेतला, झरणीनं दोन शब्द लिहिले आणि घडी घालून ठकूच्या हातात दिला. "हा गळ्यातला. बाटलीवरचा बाटलीवर. त्याला हात लावायचा न्हाई, आन् बाटली भुईवर न्हाई, झोळीत टांगून ठेवायची. मंग कुणाचा पाय लागत न्हाई." इतकं सोपं होतं. तो मान देणारच, तर मानाला वेगळी जागा करून द्यायची.

ती गेल्यावर विचारलं, चाचा, काय लिहिलं? "बरी हो, लिवलं. दुसरं काय लिवणार?"

सोनं वाटलं एकमेकांना. डॉ.सा.नीही घेतलं. इम्तिहानाच्या सिफारशीबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही.

कोजागरी

खबर नाही.

आश्विन वद्य ५, शनिवार

नांदूरघाटाचा एक बैलगाडीवाला ओट्यावर टेकला होता. धनगर दिसले का? "लई धनगर हायती बाबा, कुठले म्हणून सांगू?" याला काय उत्तर द्यायचं. चाचा म्हणाले, तू वाट बघतोस तर बाटल्या तरी धू. धुतल्या. बसक्या एकीकडे, उंच एकीकडे. लोकर ठकू ठेवून गेली आहे ती टोपलीत. सगळं तयार, घेणारा कोणी नाही.

रोज वाटतं, आज भिवा पुन्हा पाठीवर तिला घेऊन येईल. रोज येत नाही. हे चांगलंच लक्षण, असं मनाला सांगतो. मन ऐकतंच असं नाही.

आश्विन वद्य ११

आज उजळणी. अफू, सोमल, पारा, कुचला. किती दिलं तर औषध, किती दिलं तर विष. चाचा म्हणतात, दोन्हीमधला बांध लई अरुंद असतो, आणि कंपाउंडर म्हणजे त्या बांधावरचा राखणदार. मग स्वतःच लाजले. "मी बी लेक्चर द्यायला लागलो."

कार्तिक शुद्ध ५, शनिवार

सगळं सविस्तर लिहितो.

सकाळी एक बाई आली, अनोळखी, धनगराचीच. झोळीतून बाटली काढून फळीवर ठेवली. लोकर गुंडाळलेली! म्हणाली, "सासऱ्याला हिव भरतंय. दवा द्या."

हिवाची दवा, आणि लोकरीच्या बाटलीत? म्हणजे खूण पोचली आणि अर्थ वाटेत सांडला. लाल दोऱ्यासारखं झालं, लोकर बांधली की गुण येतो. मी गाठ सोडायला हात घातला तर बाईनं माझं मनगट धरलं. "आवो काय करता? ती त्येंच्या खांद्याला. करंजाचं तेल संपलं म्हणून आणली. हिवाची पदरात हाय, काढू तर द्या. लई घाई तुमाला." आणि पदरातून दुसरी काढली. नितळ. उंच.

मला हसू आवरेना. विचारलं, कुणी शिकवलं? "ठकू माझी भावजय हाय न्हवं. समद्या तळावर फिरून सांगितलं तिनं. घरातलं तेल बी असंच बांधतो आता."

ठकू कशी आहे?

"हिव ग्येलं. पर कानात घुंगरं वाजत्यात म्हणती. मेंढरं जवळ नसली तरी."

एक क्षण मला ती भाद्रपदातली दुपार दिसली, हवेत फिरणारे ते हात. पण मागून चाचा मोठ्यानं हसले. "क्विनीन! गणपत, क्विनीन वाजतंय!" खरंच की. कान वाजतात म्हणजे बरोबर बाटली पोटात गेली, रोज गेली. बाईला विचारलं, डोळे कसे? "सुई ववती की." ऐकू येतं? "हाक मारली तर ओ देती, कामाचं सांगितलं तर न्हाई." म्हणजे पहिल्यासारखीच. तरी निरोप दिला: हिव गेलंय तर दुपारचा डोस बंद, कान फार वाजले तर सगळंच थांबवून इकडं यायचं. बाईकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा चिडली, पण म्हणाली.

मग अडलं. हिला वाचता येत नाही आणि हुकूम भिंतीवर आहे. मी दाराकडे पाहिलं तर डॉ.सा. तिथंच उभे, किती वेळचे कोण जाणे. त्यांनी फळीवरच्या दोन बाटल्या पाहिल्या. आत गेले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे. दोघंही हलेनात. तेवढ्यात आतून आवाज आला, "गणपत, बूच घट्ट लगाना."

भरल्या. घेताना वाचली, ओतताना वाचली, ठेवताना वाचली. बाईनं कुठली कशाची ते म्हणून दाखवलं आणि गेली.

हुकूम उठला असं कुणी म्हटलेलं नाही. कागद भिंतीवर आहेच. फक्त संध्याकाळी झाडलोट करताना पाहिलं, त्याचा खालचा एक कोपरा सुटून लोंबतोय. चाचांना विचारलं तर म्हणतात, वाऱ्यानं. वारा सकाळपासून पडलेला आहे. मी खळ शिजवली नाही.